डावीकडून तिसरं

"मॅडम, आधी कान," गेटावरचे गृहस्थ म्हणाले.

"काय झालं माझ्या कानांना?"

"अजून काही झालेलं नाही. म्हणूनच म्हणतोय." त्यांनी खुंटीवरून कान झाकायचे, हेडफोनसारखे जाड इअरमफ काढले, त्यांवर सॅनिटायझर फवारला आणि हात लांब करून माझ्यापुढे धरले. मी ते डोक्यावर चढवते न चढवते तोच आत "ठाप्" असा आवाज झाला आणि मी हातातल्या फाईलसकट जागच्या जागी उडाले.

"पॉइंट टू-टू रायफल आहे ही," ते म्हणाले. "हिचा आवाज म्हणजे काहीच नाही."

हे सुभेदार विश्वासराव धुमाळ. फौजेतून निवृत्त होऊन आमच्या रेठवण तालुक्यात रायफल क्लब चालवायचे. गावाबाहेर जुन्या खाणीच्या खड्ड्यात त्यांची रेंज होती. मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून, कुंभोजकर मॅडम. दोन हजार वीसचा जुलै महिना होता. देऊळ बंद, न्हाव्याची दुकानं बंद, मंगल कार्यालयाला तर मी स्वतःच्या हातांनी सील ठोकलेलं. अशा वेळी ही रेंज मात्र आठवड्यातून तीन दिवस चालू असायची. खाणीपलीकडच्या कॉलनीतल्या अकरा लोकांनी सह्या करून तक्रार दिली होती, की आम्हाला देवाचं दर्शन नाही आणि इथे गोळीबार अत्यावश्यक कसा? तहसीलदार साहेबांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "तुम्हाला चौकशीची आवड आहेच. जाऊन बघा, संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. बंद करायची तर आजच बंद करू."

आवड आहे हे खरं. लहानपणापासून मला दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते बघितल्याशिवाय माझा डबा गोड लागत नसे. त्यात बंदूक मी सिनेमाबाहेर कधी पाहिली नव्हती.

"तुमच्याकडे परवानगी आहे?" मी विचारलं.

सुभेदारांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं पत्र दाखवलं. जिल्ह्याच्या कार्यालयाचं होतं, शिक्का बरोबर होता.

"पण बंदुकीचं अत्यावश्यक काय आहे यात?"

"तुमचा पगार होतो का मॅडम?"

"होतो की."

"काढता कुठून?"

"एटीएममधून."

"एटीएममध्ये नोटा काय झाडाला लागतात? गाडीतून येतात. गाडीत बंदूकवाला बसवावा लागतो. बंदूकवाल्याला दरवर्षी नेमबाजीचं सर्टिफिकेट लागतं. अख्ख्या तालुक्यात ते देणारा मी एकटा. आता या साखळीतली कुठली कडी काढायची ते तुम्ही सांगा."

मला पटलं, पण एवढ्या लवकर पटवून घेणं आमच्या नोकरीत बसत नाही. मी म्हटलं, "मला सगळं बघायचंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"बघा. फक्त लाल बावटा वर असताना ही पिवळी रेघ ओलांडायची नाही. कलेक्टर आले तरी नाही."

आत एक लांब पत्र्याची शेड होती. तिच्याखाली आठ चौथरे, प्रत्येकावर एक सतरंजी. समोर पंचवीस मीटरवर मातीचा उंच बांध आणि बांधापुढे लोखंडी चौकटी. चौकटीवर पांढरा कागद लावायचा, त्याच्या मधोमध ताटलीएवढं काळं वर्तुळ. वर पत्र्याच्या तुकड्यावर नंबर रंगवलेला. प्रत्येकाला पाच गोळ्या. तीन काळ्यात गेल्या की पास.

"आठ चौकटी आणि कागद तीनच?" मी विचारलं.

"तुमच्याच ऑफिसचा हुकूम. एक आड एक माणूस. म्हणून एक, तीन आणि पाच. बाकीचे कागद काढून ठेवलेत, उगाच चुकून कोणी मारायला नको."

मी वहीत लिहून घेतलं, 'अंतराचा नियम पाळला जातो.' समाधानही वाटलं. चार महिन्यांत आमचा हुकूम इतका मन लावून पाळणारं दुसरं कोणी मला भेटलं नव्हतं.

त्या दिवशी तिघे आले होते. पहिल्या चौथऱ्यावर एका पतसंस्थेचे राखणदार. ते आले, मारून पास झाले आणि सायकलला टांग मारून गेलेही; त्यांच्या चौकटीवर सुभेदारांनी पुन्हा कोरा कागद लावून ठेवला. बाकीचे दोघे एकाच गाडीवरचे, म्हणजे बँकेची रोकड नेणाऱ्या गाडीवरचे जोडीदार. एक पोपट गायकवाड, चाळिशीचा, बडबड्या. दुसरे आनंदराव शेवाळे, सुभेदारांच्याच पलटणीतले माजी हवालदार. पोपट त्यांना तात्या म्हणायचा, सुभेदार जुन्या ओळखीने आन्या. तात्या पंचावन्नच्या आसपासचे, ताठ, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. सुभेदारांनी माझी ओळख करून दिली, "तहसीलच्या कुंभोजकर मॅडम. रेंज चालू ठेवायची का बंद करायची ते बघायला आल्यात."

तात्यांनी मान किंचित तिरपी केली आणि नमस्कार केला.

पोपट मात्र पुढे होऊन बोलला. "मॅडम, बंद करायची आसंल तर उद्यापास्नं करा. आज तात्यांचं हुंद्या. सोमवारी सर्टिफिकेट न्हाई दिलं तर एजन्सी घरी बसवती. त्यांचा ल्योक पुण्यात हाटेलात व्हता, ते बंद पडलं. बायकापोरं घिऊन आलाय. सात मान्सं हैत घरात, आन् हे एकटे कामावर."

"पोपट," तात्या म्हणाले, "मॅडमनी इच्यारलं का तुला?"

"न्हाई. पन इच्यारलं असतं."

मला हसू आलं. मी तात्यांना विचारलं, "दर वर्षी पास होता ना?"

"सोळा वर्षं झाली," उत्तर सुभेदारांनीच दिलं. "एकदाही एक गोळी काळ्याबाहेर गेलेली नाही याची. पलटणीतसुद्धा ह्याचे कागद अधिकारी एकमेकांना दाखवायचे."

मग सुभेदारांनी लाल बावटा वर चढवला. पोपट पाच नंबरच्या सतरंजीवर आडवा झाला. तात्यांना सुभेदारांनी तीन नंबरला आणून सोडलं. तात्या खाली बसले, सतरंजी हाताने सारखी केली, पालथे झाले, आणि रायफल खांद्याला लावायच्या आधी थोडा वेळ नुसते समोर बघत राहिले. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेत असतील.

हुकूम झाला. पोपटच्या गोळ्या भराभर गेल्या, बोलण्यासारख्याच. तात्यांच्या सावकाश. प्रत्येक गोळीआधी त्यांची पाठ वर यायची, खाली जायची, आणि मधेच कुठेतरी अगदी थांबायची. मी त्या थांबण्याची वाट बघू लागले. पाचव्या वेळी तर मीसुद्धा श्वास रोखून धरला होता, कशासाठी ते मलाच माहीत नाही.

रायफली रिकाम्या करून खाली ठेवल्या गेल्या, बावटा उतरला, आणि सुभेदार कागद आणायला गेले. परत आले ते अगदी हळू. दोन्ही कागद त्यांनी टेबलावर ठेवले.

तीन नंबरचा कागद कोरा करकरीत होता. एक भोक नाही.

पाच नंबरच्या कागदावर दहा भोकं होती.

"आयला!" पोपट वाकून बघत म्हणाला. "ही इस्कटल्याली पाच माझी. तीन काळ्यात, दोन भाईर, दर साली आशीच पडत्यात. आन् ही?"

बाकीची पाच वर्तुळाच्या मधोमध होती, इतकी जवळजवळ की शर्टाच्या बटणाखाली तीन तरी झाकली गेली असती. मला नेमबाजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते काम बघून छाती भरून आली.

"ही त्याचीच," सुभेदार म्हणाले. "अशी दुसरं कोणी मारत नाही."

"मग अडचण काय?" मी म्हटलं. "पास झाले की."

"दुसऱ्याच्या कागदावर गेलेली गोळी शून्य धरतात मॅडम. नियमच आहे. पण हा गडी असं करायचा नाही. नव्या पोरांचं होतं असं कधी कधी. ह्याचं नाही."

तात्या टेबलापासून चार पावलांवर उभे होते. नियमाचं अंतर पाळून. ते जवळ आले नाहीत की कागद बघायला वाकले नाहीत. "काय झालं, साहेब?" एवढंच त्यांनी विचारलं.

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला होता. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, तिथे गप्प बसले असते तर? पण गप्प बसणं माझ्या पत्रिकेत नाही. मी तात्यांजवळ गेले.

"काका, तुम्ही कुठल्या कागदावर मारलंत?"

"तीन नंबर."

"दाखवता का?" सुभेदारांनी तोवर नवे कागद चौकटींवर लावले होते. तात्यांनी बोट केलं. बोटाच्या सरळ रेषेत वर पत्र्यावर पाचाचा आकडा होता, चांगला वीतभर उंचीचा.

"हा तीन नंबर कशावरून?"

"डावीकडनं तिसरा कागद न्हवं का त्यो? कायम तिसराच आसतोय."

मग ते ओठ हलवणं माझ्या ध्यानात आलं. देवाचं नाव नव्हतं ते. ते मोजत होते. दरवर्षी आठही कागद लावलेले असायचे आणि डावीकडून तिसरा हा तीन नंबरच असायचा. या वर्षी आमच्या हुकमाने एक आड एक कागद काढले गेले आणि डावीकडून तिसरा झाला पाच.

"म्हणजे तुम्ही आकडा वाचतच नाही!" मी म्हणाले. "तुम्ही मोजता! कागद काढलेत हे तुम्हाला दिसलंच नाही!"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. शब्दकोड्यातला अडलेला शब्द सुटावा तसा आनंद. तो किती वेळ टिकला? सुभेदारांच्या तोंडाकडे नजर गेली तेवढाच वेळ.

"आन्या," ते म्हणाले, "तुला दिसत नाही?"

"दिसतंय की साहेब. काळं त्येवढं दिसतंय. पांढऱ्याच्या मधी काळा ठिपका आला की दाबायचं. आकडं पुसाट दिसत्यात." मग खाली बघून म्हणाले, "दोन वरसं झाली."

"दोन वर्षं! गेल्या वर्षी इथे पास झालास तेव्हाही?"

"तवा बी मोजूनच मारलं."

पोपट पुन्हा टेबलावरच्या कागदावर वाकला. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण माझी चौकशी अजून चालूच होती.

"मोतीबिंदू आहे का? मग ऑपरेशन का नाही केलंत? आजकाल तासाभराचं काम आहे."

"दोन्ही डोळ्यांत हाय, उजव्यात जास्त. पिकलाय म्हनले डॉक्टर. मिरजेच्या धर्मादाय दवाखान्याची तारीख बी मिळाली व्हती, चौदा मे. ते म्हनले, पास घिऊन या, करून टाकू. आजून बी या म्हंत्यात."

"मग?"

"जिल्ह्याभाईर जायाचा पास न्हाई मिळाला."

जिल्ह्याबाहेर जायच्या पासांचे अर्ज आमच्या खिडकीवर यायचे. दिवसाला दीडदोनशे. आधी मी वाचायचे, शेरा मारायचे, आणि माझा शेरा बघून साहेब सही करायचे.

"का नाही मिळाला?" मी विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

"वर लिवलं व्हतं. 'शस्त्रक्रिया नियोजित आहे, अत्यावश्यक नाही.' नातीनं वाचून दावलं."

ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा. गुडघ्याच्या ऑपरेशनला, दातांच्या कवळीला, हर्नियाला, सगळ्यांना मी तेच लिहीत होते. एका दिवशी तर कंटाळून त्याचा शिक्काच बनवून घ्यावा असं मनात आलं होतं. तात्यांचा चेहरा मला आठवेना. मी खूप प्रयत्न केला, पण खिडकीबाहेरचा एकही चेहरा मला आठवेना.

"खिडकीवर कोण होतं?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"चेहरा कुठला दिसतोय मॅडम आमाला. निस्ता आवाज ऐकला." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आज तुमी बोललासा तवाच वळखला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलायचं? तुमी रेंज बंद कराया आलाय म्हनले सुभेदार. म्हनलं, आदी सर्टिफिकेट हातात पडूंद्या."

मला कानावरचे ते इअरमफ अजून डोक्यावर तसेच आहेत याची लाज वाटली. ते काढून हातात धरले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मला त्या शेडमध्ये कळलं.

सुभेदारांनी घसा साफ केला. "मॅडम, आणखी पाच गोळ्या द्यायचा मला अधिकार आहे. मी ह्याच्या मागे उभा राहतो. मधला कागद म्हणून सांगतो. पाचही काळ्यात जातील, लिहून देतो तुम्हाला. आज पास करू, डोळ्याचं पुढे बघू. तुम्ही मात्र अहवालात हे लिहायचं नाही."

सात माणसं. सोमवार. आणि माझं ते वाक्य. मी क्षणभरही विचार केला नाही.

"द्या," मी म्हटलं. "मी काही बघितलेलं नाही."

आज सांगते, ते दयेने म्हटलं नव्हतं. मला माझी चूक त्या पाच गोळ्यांत मिटवून घरी जायचं होतं.

सुभेदार गोळ्यांचा डबा घ्यायला वळले. तात्या मात्र हलले नाहीत. त्यांनी मान पुन्हा तशीच तिरपी केली.

"पोपट," ते म्हणाले. "तू का रं गप?"

पोपट टेबलावरचा तो दहा भोकांचा कागद बघत होता. स्वतःच्या नंबरचा कागद. विस्कटलेली पाच त्याची आणि अगदी मधोमध दुसरी पाच. "काय न्हाई तात्या," तो म्हणाला. "मारा की तुमी. हून जाईल पास."

"गाडीचं दार उघडल्यावर तू कुटं उभा आस्तोस?"

"तुमच्या म्होरं."

"कुठल्या अंगाला?"

सकाळपासून ज्याचं तोंड बंद झालं नव्हतं त्या माणसाला एक शब्द सापडेना. तो तात्यांचा जोडीदार होता, त्यांच्यासाठी माझ्यापाशी भांडला होता, आणि त्यांना पास करा असं तो आताही म्हणत होता. पण बोटाने कागदाची कड तो दुमडत होता आणि सरळ करत होता. त्यालाही घरी माणसं होतीच.

तात्यांनी सुभेदारांकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "साहेब, नापास लिवा."

"आन्या, खुळ्यासारखं करू नको. विचार कर."

"केला. त्येनं न्हाई म्हनलं आसतं तर मी मारलं आसतं. भांडलो आसतो त्येच्याशी. पर भ्या वाटतंय तरी त्यो न्हाई म्हनंना." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "लिवा साहेब."

सुभेदारांनी लिहिलं. लिहिताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. पोपट शेडबाहेर जाऊन खाणीकडे तोंड करून उभा राहिला.

मी त्याच टेबलावर कोरा कागद घेऊन मिरजेच्या पासाचा अर्ज स्वतः लिहिला. सही कुठे करायची तिथे त्यांचं बोट टेकवलं, तरी सही ओळीच्या खाली गेली. वर शेरा मारला, 'अत्यावश्यक.' सोबत ते नापासाचं पत्र जोडलं. अहवालात सगळं खरं लिहिलं. कुणाचा अर्ज कोणत्या शेऱ्याने परत गेला आणि तो शेरा कोणाचा, हेसुद्धा. शेवटी लिहिलं, की हत्यार बाळगणाऱ्या माणसाला दिसत नाही हे तालुक्यात फक्त या जागेला कळलं, सबब ही रेंज चालू ठेवावी. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि दोन्हीवर सह्या केल्या. रेंज चालू राहिली. तात्या चौथ्या दिवशी मिरजेला गेले.

सोमवारी एजन्सीने त्यांना घरी बसवलं. डोळा बरा झाल्यावर ते पुन्हा गेले, तेव्हा त्यांच्या जागी दुसरा घेतला होता. हे मला सुभेदारांकडून कळलं. मी एजन्सीला दोन वेळा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.

ऑक्टोबरात एके दिवशी खिडकीवर गर्दी होती. मी खाली मान घालून अर्ज घेत होते. एक हात रिकामाच पुढे आला.

"अर्ज?" मी म्हटलं.

"अर्ज न्हाई."

मी वर बघितलं. काळा चष्मा, शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्यांनी चष्मा काढला. उजवा डोळा स्वच्छ होता, जरासा ओला.

"काय काम काढलंत, काका?"

"काम काय न्हाई. तुमाला बघायचं व्हतं."

मागची रांग चुळबुळ करत होती. मी मास्क हनुवटीखाली ओढला. नियमाविरुद्ध होतं. तात्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, घाई न करता. इतकं कोणी मला आयुष्यात बघितलेलं नाही, लग्नाच्या वेळी बघायला आलेल्यांनीसुद्धा नाही. मला रडू आवरेना.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "तुमचा अर्ज मी वाचलासुद्धा नव्हता."

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की असू दे म्हणून, ते मला आज पाच वर्षांनीही सांगता येत नाही. मग ते बाजूला सरकले आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या, हातात अर्ज धरलेल्या म्हातारबांना खांद्याला धरून त्यांनी खिडकीपुढे आणलं.

"ह्यांचा वाचा," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.